साध्या ताऱ्याचा आलेख

२ फेब्रुवारी
ताऱ्याच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार झाला! असला तारा जन्मात पाहिला नव्हता. क्रोमियमचे डाग एकीकडे, लोखंडाचे भलतीकडे — आणि चुंबकत्वाची तर कमालच! अशा ताऱ्यांत बहुधा दोन टोकं असतात, पट्टीच्या चुंबकासारखी. इथे जागोजागी टोकं! सर खुर्चीतून उठून आले. "पोरी, नशीब काढलंस." एवढा खडूस माणूस! घरी ताई म्हणते, "मग आता तरी नोकरी पक्की करतील का?" करतील. लेख छापून आला की करतील.

५ फेब्रुवारी
सरांना घाई. लेखाचा मसुदा त्यांना देऊन टाकला, पण म्हटलं, पाठवण्याआधी एक साधा तारा तपासते — ज्यात चुंबकत्व नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा आलेख सपाट आला की यंत्र ठीक, डोक्याला ताप नाही. सर: "कशाला नसत्या उठाठेवी?"

९ फेब्रुवारी
सपाट नाही.

१० फेब्रुवारी
दुर्बिणीखालची पेटी उघडली. आत स्फटिकाची एक चकती फिरते, ती उजव्या-डाव्या वळणाचा प्रकाश वेगळा करते. त्यावरूनच आम्ही चुंबकत्व मोजतो. ती चकती अडकतेय! पूर्ण फिरतच नाही. म्हणजे माझ्या त्या पहिल्या ताऱ्यात चुंबकत्व आहे, जबरदस्त आहे, पण जागोजागी टोकांचा गुंता आमच्या यंत्रातला. आणि सरांचे आजवरचे सगळे तारे याच पेटीतून गेलेत.

११ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. दार लावलं, चहा मागवला. "आणखी कुणाला बोललीस?" नाही म्हटलं. (ताई धरायची नाही.) "शहाणी आहेस. लेख थांबवू. मी बघतो काय ते." इतकं गोड! मला भीतीच वाटली.
ताई म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय गं."

१६ फेब्रुवारी
पेटी जागेवर नाही. दुरुस्तीला गेली म्हणे. साध्या ताऱ्याची निरीक्षणं संगणकावरून गायब! कुणाला विचारू?

२ मार्च
लेखाचं विचारलं. "थांबवलाय म्हटलं ना! विश्वास नाही का?" आहे म्हटलं. काय करणार? नोकरीच्या कागदावर सही त्यांचीच लागते. स्वतःचाच राग येतो.

२८ एप्रिल
लेख छापून आला, चुकीच्या नकाशासकट. सरांनी स्वतःचं नाव काढून टाकलंय — माझ्या एकटीचं आहे. शेवटी ओळ आहे: यंत्र तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी माझी. ही ओळ मी लिहिलेली नाही!