पाय लागला तर

सोमवार, ३ जून १९९६. कावासाकी, जपान.
पुन्हा शेरा! शाळेच्या निरोपाच्या वहीत, लाल शाईत. शब्दकोश घेऊन अर्धा तास बसले तेव्हा अर्थ लागला — ‘नुपूर-चान आधी लाथ मारते, मग मुलांच्या अंगाला हात लावते. घरी समज द्यावी.’
लाथ? माझी सात वर्षांची पोरगी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते.
तिला विचारलं. “चुकून पाय लागतो आई. मग मी नमस्कार करते.” म्हणजे वाकून समोरच्याला हात लावायचा, तोच हात कपाळाला न्यायचा. मीच शिकवलंय, चालायला लागली तेव्हापासून.

मंगळवार, ४ जून
सुशांतला सांगितलं. “दोन वर्षांचं तर कॉन्ट्रॅक्ट आहे. कशाला नडतेस?” याला ऑफिसात सगळे सुशांत-सान म्हणून वाकतात, याचं काय जातंय!

बुधवार, ५ जून
तिसरा शेरा. आता शुक्रवारी वर्गापुढे उभं राहून आपली चूक वाचून दाखवायची.
आणि हिच्या वर्गातला तो केन्ता रोज हिची वेणी ओढतो त्याचं काय? मागच्या महिन्यात तिच्या वर्गाच्या मोरिताबाईंना सांगितलं तर हसून म्हणाल्या, “गेन्की!” म्हणजे अंगात उत्साह फार. त्याचा तो उत्साह, हिची ती लाथ. चोर सोडून संन्याशाला फाशी!
शेवटी मीच हरले. नुपूरला बजावलं, शाळेत पाय लागला तर हात मागे बांधून उभं राहायचं. कुणाला शिवायचं नाही.
“मग पाप नाही लागणार?”
“गप्प बस,” म्हटलं. उगाच खेकसले तिच्यावर.

शुक्रवार, ७ जून
वाचलं म्हणे. एकही चूक न करता. घरी येऊन पोहे मागितले.

सोमवार, १० जून
राहवेना. शाळेत गेले. भांडायची दहा वाक्यं पाठ करून.
वर्गातल्या त्या बुटक्या खुर्चीवर बसताना माझाच पाय बाईंच्या पिशवीला लागला. विचार न करता वाकले, पिशवीला हात लावला, कपाळाला नेला.
बाई बघतच राहिल्या. “नुपूर-चान करते ते हेच?”
“हेच. पाय लागला म्हणून माफी.” पाठ केलेलं सगळं विसरले होते.
बाई उठून इतका वेळ वाकून राहिल्या की मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाल्या, “मी आधी विचारायला हवं होतं.” भांडायला गेले आणि भांडायला समोर कुणी उरलंच नाही. तरी केन्ताच्या वेणी ओढण्याचं बोलून आले. ते सोडणार नव्हते.

मंगळवार, ११ जून
बाईंनी वर्गापुढे सांगितलं, “चूक नुपूरची नव्हती, माझी होती.” मग म्हणे सगळी पोरं मुद्दाम पाय लावून नमस्कार करत सुटली. केन्तानेही केला! हे सगळं शेजारच्या मुलीच्या आईकडून कळलं.

गुरुवार, १३ जून
जेवताना नुपूरचा पाय माझ्या मांडीला लागला. ती उठली आणि हात मागे बांधून उभी राहिली. “अगं, आता कर नमस्कार,” म्हटलं. हात सोडले नाहीत.