एका जागी एक तास

रविवार, १६ फेब्रुवारी १९९७
मेव्हणी अबोली आणि आमचे साडू स्वानंदराव युरोपचे अल्बम घेऊन वाशीला आले. पाच अल्बम. प्रत्येक फोटोत साडू एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून उभे, जणू ती त्यांनीच खणून काढली. चौथ्या अल्बमला मी विचारले, तिथे नुसते बसून कसे वाटले? म्हणाले, "बसायला वेळ कुठला? अकरा दिवसांत सात देश!" यावर मी एक विशिष्ट हास्य केले. त्यांना कळले नाही.

ते गेल्यावर निश्चय. लांब कुठेही जायचे नाही. आनंद जवळ असतो आणि आत्ता असतो. हे मला शाळेपासून ठाऊक आहे. अमलात आणायचे तेवढे राहिले.

सुनीतीला विचारले, १६ मार्चला लग्नाला पंचवीस वर्षे होतात, तुला काय हवे? युरोप म्हणेल असे वाटले होते. उत्तर तयार होते. तिने बडीशेपेची डबी बंद केली आणि म्हणाली, "मला एक तास हवाय. जागा कुठलीही चालेल. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि मधे उठायचं नाही."

मी म्हणालो, एकच? तीन माग.

"अहो, आधी एक तर द्या."

माणसाने मागताना इतके कमी मागू नये. देणाऱ्याचा अपमान होतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी
पंधरा वर्षे मी या शहराचा वार्ताहर आहे. पाणीपुरवठा, भूखंड, उद्घाटने. आज रविवार पुरवणीच्या निशांतला फोन करून सदर सुचवले. ज्या ठिकाणी कोणी सहलीला जात नाही अशा ठिकाणी जायचे आणि स्वस्थ बसायचे. शीर्षक 'इथेच, आत्ता'. निशांत माझ्या टाइपरायटरपेक्षा वयाने लहान आहे, हुद्द्याने मोठा. म्हणाला, "सर, फ्रेश आहे. पण कॉपी गुरुवारी बारापर्यंत म्हणजे बारापर्यंत."

एका दगडात दोन पक्षी. सदरही होईल आणि सुनीतीचा तासही.

गुरुवार, २० फेब्रुवारी
सराव. सकाळी ६.१० गॅलरीत बसलो.
६.१३ दूध आले का पाहिले. नव्हते.
६.१५ पुन्हा बसलो. फार प्रसन्न.
६.१७ समोरच्या बिल्डिंगची टाकी भरून वाहत होती. त्यांच्या सेक्रेटरींना फोन करून उठवले. वर्तमान क्षणाची त्यांना अजिबात जाणीव नव्हती, ती करून दिली.
एकूण बैठक पाच मिनिटे. सुरुवात म्हणून उत्तम.

रविवार, २३ फेब्रुवारी
पहिली मोहीम. वाशीचा घाऊक कांदा-बटाटा बाजार. लोक केरळला जातात आणि घराजवळचा हा हिमालय त्यांना दिसत नाही. पोत्यांची शिखरे. वास मात्र समतल.

बटाट्याच्या पोत्यांवर दोघे शेजारी शेजारी बसलो. सुनीतीने माझे घड्याळ पर्समध्ये टाकले. मला ते आवडले नाही, कारण मग मोजणार कोण? अंदाजे चौथ्या मिनिटाला एक माथाडी पाठीवर तीन पोती नेताना दिसला. वार्ताहर म्हणून विचारणे भाग होते. त्याच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून युनियनच्या कचेरीत. परतलो तेव्हा सुनीती एका निवडणाऱ्या बाईबरोबर कांदे निवडत बसली होती. दोघी हसत होत्या. का हसता विचारले, तर थांबल्या.

सलग बैठक चार मिनिटे. पण पोत्यावर. पोते टोचते. खुर्ची असती तर चित्र वेगळे असते.

लेख मात्र फर्मास झाला. 'वेळ थांबतो तो इथे' असा शेवट केला आहे.

रविवार, २ मार्च
घणसोली गाव. बसने. गल्लीच्या टोकाला एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी भाजी चिरत होती. बायजाबाई. तिने हटकले, "कुनाकडं आलाव?" सुनीती म्हणाली, कोणाकडे नाही, सहज. म्हातारी म्हणाली, "मंग माज्याकडं आलाव. बसा."

ओटा सारवलेला, सावली, चहा. अनुकूल परिस्थिती. अकरा मिनिटे बसलो! उच्चांक. परतीची बस किती वाजता एवढे विचारून येतो म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो. तेवढ्यात बसच आली. आणि बस आली की माणूस चढतो, हा पंधरा वर्षांचा संस्कार. कोपरखैरण्याला तिकीट काढताना कंडक्टरने विचारले, एक की दोन? तेव्हा लक्षात आले.

रिक्षाने परतलो. बायजाबाई म्हणाली, "आलं गं तुजं पाखरू." सुनीतीचा दुसरा चहा झाला होता.

येताना बसमध्ये सुनीतीने सांगितले. बायजाबाईची लेक भागीरथी उरणकडे, द्रोणागिरी डोंगराच्या बाजूला दिलेली आहे. जावई हिरामण मिठागर पिकवतो. भर दुपारी वारा पडला की मिठाच्या पाण्यावर साय धरते. दुधावर धरते तशी, पातळ, चकाकणारी. जरा वारा आला की बुडते. जो बसून राहतो त्यालाच दिसते. आणि हा शेवटचा हंगाम. पाडव्यानंतर तिथे भराव पडणार, गोदामे होणार.

"सोळा तारखेला तिथे जाऊ," सुनीती म्हणाली. पंचवीस वर्षांत तिने ठिकाण सुचवल्याची ही पहिलीच वेळ. मी ताबडतोब मान्य केले. मनाचा मोठेपणा.

बुधवार, १२ मार्च
द्रोणागिरी! नावच पुरे. मारुतीला तिथे नेमकी वनस्पती ओळखू आली नाही म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. त्यालाही डेडलाइन होती. वार्ताहरांनी त्याला दैवत मानायला हवे.

एक अपूर्व कल्पना. मिठागराचा लेख रविवारी, सोळालाच छापून यावा. बसमध्ये सुनीतीच्या हातात पुरवणी ठेवायची. रौप्यमहोत्सवाची याहून मोठी भेट कोणती? अडचण एकच, की गुरुवारी कॉपी द्यायची तर लेख आज लिहावा लागेल आणि जाणे रविवारी आहे. पण मी आधीच त्या अवस्थेला पोचलो आहे. देह तेवढा नंतर जाईल.

गुरुवार, १३ मार्च
११.५० ला फॅक्स केला. मावळतीच्या सोनेरी उजेडात मिठाची साय धरते, पत्नी शेजारी आहे, एक तास कसा गेला कळत नाही. शेवटी पत्नी म्हणते, 'आज संसाराचे सार्थक झाले.' निशांतचा फोन आला, "सर, डोळ्यांत पाणी आलं." माझ्याही आले. तिथली ती शांतता आठवून.

रविवार, १६ मार्च. सायंकाळ
तपशील नोंदवतो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत.

उरणच्या बसमध्ये पुरवणी दिली. सुनीतीने शांतपणे वाचली. म्हणाली, "छान लिहिलंय. यातला तास झाला, म्हणजे आता नुसतं फिरून यायचं का?" ही तिची विनोदाची पद्धत आहे. मग म्हणाली, "आणि सार्थक बिर्थक मी कधी म्हणते हो?" साहित्यात स्वातंत्र्य घ्यावे लागते असे सांगितले.

साडेबाराला मिठागरावर. सगळीकडे आरशासारखे वाफे, कडेला मिठाचे पांढरे ढीग. पलीकडे भरावाची माती आणून टाकलेली. हिरामणने बांधावर गोणपाट अंथरले. भागीरथीने छत्री दिली. हिरामण म्हणाला, "वारा पडतोय. आता हलू नका. बांध हलला का पानी हलतं."

बसलो. खरोखर बसलो. सुनीतीने हात माझ्या हातावर ठेवला होता. बावीस मिनिटे झाली (घड्याळ मी डाव्या हाताला घालतो, तिचा हात उजव्या हातावर होता). तेवढ्यात, अगदी हळू आवाजात, केवळ माहिती म्हणून हिरामणला विचारले, मावळतीला आणखी छान दिसत असेल, नाही? तो म्हणाला, "मावलतीला काय दिसतंय, दादा? तवा वारा असतो. दुपारीच."

मावळतीला दिसत नाही! आणि साठ हजार घरांत ते छापून गेलेले. एक वार्ताहर म्हणून माझे तिथे बसणे अशक्य झाले. पुढच्या रविवारी खुलासा हवा, निशांतला आत्ता सांगितले तरच जागा मिळेल. सुनीतीला म्हणालो, पाचच मिनिटे. तिने हात काढून घेतला, छत्री सरळ केली.

हमरस्त्यावरचा पीसीओ वीस मिनिटांवर. फोन वाजत राहिला. रविवार असल्याने ऑफिसात कोणी नव्हते. हे मला कळायला हवे होते असे सुनीती नंतर म्हणाली नाही, पण तसे तिच्या चेहऱ्यावर दिसले.

परतताना बांधावरून अक्षरशः धावलो. लांबून पाहिले, तिघेही निश्चल आणि पाण्यावर काहीतरी चकाकते आहे. मी आनंदाने ओरडलो, "फोन लागला नाही!" पोचलो तेव्हा पाण्यावर नुसत्या रेघा. हिरामण म्हणाला, "तुमी धावलाव. पानी हाललं." भागीरथी त्याला म्हणाली, "जाऊ दे ना. पावना हाय."

दिसले का, असे सुनीतीला विचारले. म्हणाली, "दिसलं." कसे होते? "तुम्ही लिहिलंय ना."

बावीस मिनिटे मी आणि त्यापुढे ती एकटी, असे धरले तर जोडपे म्हणून आमचा तास भरतो.

शनिवार, २२ मार्च
लेखाची अकरा पोस्टकार्डे. पुण्याचे एक गृहस्थ विचारतात, एका जागी एक तास बसण्याची सिद्धी आपण कशी मिळवली? सविस्तर उत्तर द्यायला हवे.

रविवार, २३ मार्च
माझा लेख वाचून स्वानंदराव आणि अबोली मिठागरावर गेले. सुनीतीही बरोबर गेली. मला पोस्टकार्डांची उत्तरे होती. पाडव्यापर्यंत आणखी दोन रविवार हाताशी आहेत, तेव्हा घाई नव्हती.

सायंकाळी साडूंचा फोन. आवाज बदललेला. "नंदकिशोरराव, दीड तास बसलो. कॅमेरा पिशवीतच राहिला, आठवलासुद्धा नाही. तुम्ही लिहिलंत तस्सं." मावळतीला? "छे हो, दुपारी. मावळती ही प्रिंटिंग मिस्टेक असणार असं मी या दोघींना म्हटलं."

ज्या माणसाला आयफेल टॉवर उभ्या उभ्या पुरला, त्याने दीड तास बसावे! उत्तरे लिहिताना लक्ष लागले नाही.

रविवार, ३० मार्च
जाणारच होतो. बेलापूरला एक उद्घाटन निघाले. पुढचा रविवार आहेच.

गुरुवार, १० एप्रिल
भागीरथी माहेरी पाडव्याला आली होती, ती आज घणसोलीहून वाट वाकडी करून आमच्याकडे आली. मिठागरावर भराव सुरू झाला. शेवटच्या वाफ्यातले पाणी तिने एका बाटलीत भरून आणले होते. सुनीतीला म्हणाली, "ताई, ताटात वतून उन्हात ठेव. दाजींना घरच्या घरी बघायला. हितून काय बस मिलत नाय त्यांना." बाजारात त्या दोघी हसल्या होत्या तशाच या दोघीही हसल्या. या वेळी मीही हसलो, म्हणजे विषय मिटला.

पाणी एका ताटापुरतेच आहे. रविवारी.

रविवार, १३ एप्रिल
सर्व तयारी चोख. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. दूध येऊन गेले. समोरची टाकी मी स्वतः जाऊन बघून आलो. घड्याळ सुनीतीच्या पर्समध्ये. या वेळा भिंतीवरच्या घड्याळाच्या आहेत. गॅलरीत दोन घडीच्या खुर्च्या, मध्ये स्टुलावर ताट.

१.०० बसलो.

१.३१ एकतीस मिनिटे! मिनिटागणिक मागे पाहून खात्री केली, पण उठलो नाही. सुनीतीने एकदा माझ्याकडे पाहिले. असे तिने मला बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. आत, भिंतीवरच्या घड्याळाखाली रोजनिशी आहे. ही नोंद आत्ताच व्हायला हवी, नंतर त्यात ताजेपणा राहत नाही. म्हणून फक्त एवढ्यासाठी आत आलो आहे. हे उठणे नव्हे, त्याच बैठकीचा भाग आहे.

१.३४ निघालोच होतो. वरच्या परिच्छेदात 'पाहिले' तीनदा आले आहे. एक बदलतो.

१.३६ सुनीती हाक मारते आहे. अगदी हळू, पाणी हलू नये म्हणून. "अहो, धरतेय." आलोच म्हटले. पंचवीस वर्षांची इच्छा पुरी होण्याच्या या क्षणी माझ्या मनात नेमके काय आहे, एवढे दोन ओळींत लिहितो आणि जातो. माझ्या मनात आत्ता

१.४३ वारा आला होता. ताटाच्या तळाशी मीठ आहे. सुनीतीने माझी खुर्ची घडी करून आत आणली, भिंतीला लावली आणि विचारले, "लिहून झालं?"

झाले.