क्रॅक

प्रिय मित्रा,

'मित्रा' लिहिताना पेन अडखळलं, पण कॉलेजात तुला हीच हाक मारायचे, म्हणून राहू दे. तेव्हा आपल्या तोंडी एकच शब्द असायचा, क्रॅक. बांधकाम खात्याच्या भरतीची परीक्षा क्रॅक करायची! माझ्या वह्या नेऊन तू ती केलीस आणि पुढे माझाच साहेब झालास. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.

मग प्रसूतिगृहाची ती गॅलरी माझ्याकडे तपासणीला आली. स्लॅब भिंतीला मिळतो तिथे केसाएवढी चीर. ऑफिसात आपण तिलाही क्रॅकच म्हणायचो. मी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. चीर वाढली की काच तडकते, इतकं साधं. अकराव्या दिवशी ती तडकली. फोटो, मापं, तारखा घालून मी अहवाल तुझ्या टेबलावर ठेवला. तू भर बैठकीत तो उचललास आणि म्हणालास, "क्रॅक स्लॅबमध्ये नाही, बाईंच्या डोक्यात आहे." हशा पिकला. हेडक्लार्कने तर तुला टाळी दिली. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, कँटीनमध्ये मी 'क्रॅक मॅडम' झाले. चिरेवर गिलावा चढला, रंग चढला, आणि माझी रवानगी रेकॉर्ड रूममध्ये झाली. आईच्या कानावर शेजारणीने घातलं. आईने माझा हात धरून विचारलं, "बाळा, तुला खरंच काही होतंय का गं?" बाकी सगळं मी गिळलं. हे नाही.

सात महिन्यांनी गॅलरी कोसळली. फरशी पुसणारी मावशी तेव्हा तिच्यावर होती. मी दवाखान्यात गेले. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. आधी काही कळलं होतं का, विचारलं. म्हणाली, "वाळकी फांदी मोडावी तसा कडाड् आवाज आला बघ. तेवढंच." अगं बाई, क्रॅकचा मूळ अर्थ तो! तो आवाज तिने ऐकला, आपण बाकीचे अर्थ लावत बसलो. तिथून सरळ ऑफिसात गेले आणि फायली उपसल्या. तिसऱ्या कपाटात माझा अहवाल सापडला. समासात तुझ्या अक्षरात शेरा होता: 'दुर्लक्ष करावे.'

चौकशी लागली आणि काल तुझी बायको येऊन गेली. मापं चुकीची घेतल्याची माझी कबुली तू टाइप करून पाठवली होतीस. "ताई, एवढी सही करा," म्हणून ती रडली. तिला पाणी दिलं आणि सही न करताच परत पाठवलं. तिचा काय दोष? उत्तर तुला द्यायचं होतं, म्हणून हे पत्र. सही मी आज सकाळी केली, चौकशी समितीपुढच्या माझ्या जबाबावर. सोबत शेऱ्याचा कागद जोडलाय. सोमवारी तुला बोलावतील. मावशीही येणार आहे, तुझ्या समोरच्याच खुर्चीत बसेल. याला सूड म्हणायचं असेल तर म्हण. मी नाही म्हणणार नाही.

तुझीच,
वर्गातली मैत्रीण