आठशे ग्रॅम बाळ गेलं कुठे?

कासा,
मंगळवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

ती. सौ. जमनाताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगांचा समज. उरलेल्या दोन अंगांवर, म्हणजे छातीवर आणि डाव्या हातावर, तुझा भाचा झोपलाय आणि त्याला हलवायची छाती या घरात कुणाचीच नाही.) उधव्याला सगळं क्षेमकुशल असेल. दाजींचा सुजलेला डोळा एव्हाना उघडला असेल, तुझी कंबर कुरकुर करायची थांबली असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणीच नाही. दवाखान्यातून आल्यापासून जो तो भिंतीला टेकून बसलाय आणि एकमेकांकडे बघत नाही. आई आज भातात मीठ घालायला विसरली आणि बाबांनी तो भात एक शब्द न बोलता खाल्ला. यावरून काय ते ओळख.

आधी पत्र का, ते सांगतो. तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग शितलचा केलास, मग आईचा. बाबांचा तर बटणाचा फोन, त्यांना तो उचलता येतो पण लावता येत नाही, तरी त्यांनाही सोडलं नाहीस. परवा सुनिलच्या फोनवरून लावला तर मी 'हॅलो'तला 'हॅ' म्हणायच्या आत तू ठेवलास, आणि त्या गरीब जीपवाल्याचाही नंबर बंद करून टाकलास. त्याची रोजची खेप उधव्याला, तो बिचारा मला विचारतो, प्रविणभाऊ, माझा काय गुन्हा? म्हणून हे पत्र त्याच्याच जीपमधून पाठवतोय. ताईच्या हातात दे आणि तिचं वाचून होईपर्यंत हॉर्न वाजवत उभा राहा, असं त्याला बजावलंय. तेव्हा शेजाऱ्यांसाठी तरी पुरतं वाच.

भांडणाचं मूळ मी पुन्हा उकरत नाही. (थोडंच उकरतो.) बाळ झालं त्या दिवशी तू मधाची बाटली घेऊन आलीस. दाजी स्वतः झाडावर चढले होते, माश्यांनी त्यांचा डोळा बंद केला होता, हे सगळं मला मान्य आहे. पण सिस्टरनी नुकतंच बजावलं होतं की लहान बाळाला मध चाटवायचा नाही, फार वाईट आजार होऊ शकतो. तेच मी तुला सांगितलं. फक्त वॉर्डमधल्या सगळ्या बायांसमोर सांगितलं, आणि "ताई, हे विष आहे विष!" असं सांगितलं, आणि जरा मोठ्याने सांगितलं. तू बाटली खिडकीत ठेवलीस, पदर खोचलास आणि गेलीस. तेव्हापासून साडेचार महिने झाले, आणि पोरगं अजून बिननावाचं आहे. आईचा हट्ट तुला माहीत आहे. आत्याने कानात नाव सांगितल्याशिवाय ती पोराला पाळण्यात घालू देत नाही. पाळणा भाताच्या कणगीवर उलटा ठेवलाय आणि त्यात मांजर व्यायलंय. (पाळणा उलटा असून ते आत कसं गेलं ते विचारू नकोस, कुणालाच कळलेलं नाही.)

तर आज बाळाची तपासणी होती. शितल जाणार, बाळ जाणार, म्हणून मी जाणार, म्हणून आई जाणार, आणि घरी एकटं जेवायला कोण वाढणार म्हणून बाबाही निघाले. एका बाळामागे चार माणसं पाहून सुनिल म्हणाला, वरात आहे का? दवाखान्यात ही गर्दी. ज्यांची नावं ठेवलेली आहेत अशा बाळांना सिस्टर नावाने बोलवतात. ज्यांची ठेवलेली नाहीत त्यांना आईच्या नावाने. प्राजक्ता सिस्टरनी दारातून हाक मारली, "शितलचं बाळ!" आणि मी ताठ मानेने उठलो, टेबलावरचं कार्ड उचललं आणि आत गेलो. माझ्या मागून आणखी कोणीतरी उठलं होतं. मी वळून पाहिलं नाही. बाप झाल्यापासून मी रांगेत मागे वळून पाहत नाही.

आत डॉक्टर दक्षा मॅडम होत्या. मूळच्या तलासरीच्या पलीकडच्या, गुजरातेतल्या, बोलायला गोड, पण त्यांचा चष्मा नाकावर खाली आला की माणसाला घाम फुटतो. बाळाचे कपडे काढले, नुसत्या लंगोटात वजनकाट्यावर ठेवलं. सहा किलो शंभर. मॅडमनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं, वाचलं, आणि चष्मा खाली आला. मागच्या महिन्यात सहा किलो नऊशे. आठशे ग्रॅम कमी. ताई, आपण बाजारातून आठशे ग्रॅम बोंबील आणतो तर पिशवी भरते. एवढं पोरगं गेलं कुठे? शितलने बाळाला असं उचलून छातीशी धरलं की जणू उरलेलंही कोणी नेईल. आई म्हणत राहिली, लंगोट तर घट्ट होतंय, मग हे कसं? पण तिचं कोण ऐकतंय. काटा सरकारी होता आणि लंगोट आईने शिवलेलं.

मॅडमनी विचारलं, बाळाला काय पाजता? शितलने तत्काळ सांगितलं, फक्त अंगावरचं दूध. आम्ही तिघांनी जोरात माना हलवल्या. मॅडम नुसत्या एकेकाकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बोला ने. बाळाच्या भल्यासाठी विचारते. मी ओरडणार नाही." आणि ताई, पुढे जे झालं त्याने मी अजून सावरलेलो नाही.

पहिली फुटली आई. तिला रडूच कोसळलं. म्हणाली, "जायफळ नि हळकुंड उगाळून देते गं बाय. रोज नाय, फक्त संध्याकाळी." (संध्याकाळ रोज होते हे तिच्या ध्यानात आलं नाही.) शितलचे डोळे एवढे झाले. ती सासूला काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी खाकरून सांगितलं की ते दुपारी पोराला नागलीची पेज देतात. ज्या बाबांनी आपल्या दोघांना लहानपणी कधी कडेवर घेतलं नाही, ते बाबा! चमच्याने! वर म्हणतात, मी पाजली नाय, त्यानेच तोंड उघडलं. आता आईचे डोळे एवढे झाले, कारण नागली रोज थोडी थोडी कमी होते म्हणून ती शेजारच्या रखमीवर संशय घेऊन बसली होती आणि दोन आठवडे तिच्याशी बोलत नव्हती. मग मॅडमनी शितलकडे पाहिलं. आणि आपली शितल, जिने घरात सगळ्यांना नियम शिकवले, बाळाला हात लावायच्या आधी मला साबणाने कोपरापर्यंत धुतलं, ती खाली मान घालून म्हणाली, उकाडा फार होता, म्हणून पाणी. थोडंच.

मॅडम खरंच ओरडल्या नाहीत. त्यांनी समजावलं की सहा महिने अंगावरचं दूधच, पाण्याचा थेंबही नको, कारण लागेल तेवढं पाणी त्या दुधातच असतं. बाळाचं पोट बाळाच्या मुठीएवढं. ते पेजेने नि पाण्याने भरलं तर दूध मावणार कुठे, आणि दूध कमी गेलं तर बाळ वाढणार कसं? पुढे सहा महिने झाले की पेजही द्यायची, मऊ भातही द्यायचा, तेव्हा आजोबांनी खुशाल चमचा घ्यावा. यावर बाबा दुखावून म्हणाले, "मग आमच्या जमनीचा मध काय वाईट होता?" आणि मॅडम म्हणाल्या, मध तर एक वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही.

ताई, त्या क्षणी मी काय झालो म्हणून सांगू! माझी छाती फुगली. मी एकेकाकडे पाहिलं. मी म्हणालो, बघा, मी त्या दिवशी काय सांगत होतो? घरात नियम पाळणारा एकच माणूस आहे. मी आणखीही बोललो असतो, पण शितल शांतपणे म्हणाली, "आणि चिकू?"

चिकूचं असं आहे. वाडीवर कामाला गेलो की मालक चार चिकू देतो, ते मी संध्याकाळी ओट्यावर बसून खातो. पोरगं मांडीवर असतं. ते माझ्या तोंडाकडे असं टक लावून बघतं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून बोटाला लागलेला गर... फक्त बोटाला लागलेला. गालाला जे लागायचं ते काजळ पसरलंय असं मी शितलला सांगायचो. ती महिनाभर मानेने हो म्हणत होती. तिला कधीपासून माहीत होतं हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि पुसला. प्राजक्ता सिस्टर तोंड दाबून बाहेर गेल्या.

आता बाळाची पूर्ण तपासणी करायला मॅडमनी लंगोट सोडलं. कार्डाकडे पाहिलं. बाळाकडे पाहिलं. पुन्हा कार्डाकडे पाहिलं. म्हणाल्या, "यात तर मुलगी लिहिलंय." माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आठशे ग्रॅम गेले ते गेले, आता हे काय? पण बाळाने नेमका तोच मुहूर्त साधला आणि आपण कोण आहोत ते मॅडमच्या कोटावर कारंजं उडवून सिद्ध केलं. तेव्हाच बाहेरून गलका ऐकू आला. दुसरी एक शितल, वरोरची, माहेरी आलेली, आणि नातीवर नजर ठेवायला तिची सासूही आलेली. त्यांची मुलगी एका महिन्यात दीड किलोने वाढली होती म्हणे! ती सासू अख्ख्या रांगेला ऐकवत होती की हे सगळं मी सुनेला घातलेल्या बोंबलाच्या कालवणाने. प्राजक्ता सिस्टरनी तिच्या हातातलं कार्ड काढून आणलं. त्यावर आपल्या बाळाचं वजन होतं. टेबलावर दोन कार्डं होती, दोन्हींवर 'शितलचं बाळ', आणि मी मान ताठ ठेवून दुसऱ्याचं उचललं होतं.

आपलं पोरगं पाचशे ग्रॅम वाढलंय, ताई. घटलं नाही, वाढलंय. मॅडमनी किल्ल्या वाजवल्या तर त्याने वळून पाहिलं. पालथं घातलं तर हातांवर जोर देऊन मान अशी वर काढली, अगदी बाबा पंचायतीच्या सभेत काढतात तशी. बोट पुढे केलं तर पकडलं आणि सोडेना. शितल हसत होती आणि रडतही होती. वरोरच्या सासूचं तोंड मात्र एवढंसं झालं. (तिच्याही नातीचं वजन चांगलंच निघालं, पण दीड किलोचा मान गेला तो गेलाच.) मग आम्ही बाहेर आलो आणि सुनिलच्या जीपमध्ये बसलो, आणि बसल्यावर एकेकाच्या लक्षात येत गेलं की बाळाचं वजन कमी झालंच नव्हतं, पण आपण सगळं सांगून बसलो.

आणि मी सारखा एकच हिशेब करतोय. आईने गुटी दिली, बाबांनी पेज, शितलने पाणी, मी चिकू. या अख्ख्या खानदानात पोराच्या तोंडात चुकीचं काही न घालणारं माणूस एकच, आणि त्याच्याच मधाला मी वॉर्डभर विष म्हणालो. तू बाटली आणलीस, पण नको म्हटल्यावर झाकणही न उघडता ठेवून दिलीस. मला फार लाज वाटली, ताई. अजून वाटतेय.

तरी मी तुला ये म्हणत नाही. तुझा राग तुझ्याजवळ. फक्त हकीकत कळवली. दाजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
प्रविण

ता. क. खिडकीतल्या त्या बाटलीचं काय झालं असं विचारशील. पोराला थेंबही दिला नाही, शप्पथ. मी संपवला. रोज रात्री भाकरीबरोबर. इतका चांगला मध मी जन्मात खाल्ला नव्हता. दाजींना सांग, त्यांचा डोळा वाया गेला नाही.

ता. क. दुसरा. सुनिल परतीच्या खेपेला रिकामाच येतो. पुढची सीट तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे आणि तिचं भाडं घेऊ नको म्हटलंय. मांजराची पिल्लं आत्ताच, मी हे लिहीत असताना, हलवली. आईने पाळणा धुऊन उन्हात ठेवलाय.

ता. क. शेवटचा. हे लिहायचं नव्हतं, पण हॉर्न वाजतोय. दोन शितलांचा घोळ पुन्हा नको म्हणून प्राजक्ता सिस्टर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता कार्डावर काहीतरी नाव लिहा. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. आईने नकाराची मान हलवली, शितलनेही हलवली. शेवटी बाबांनीच सांगितलं आणि सिस्टरनी तेच लिहिलं: 'जमनाचा भाचा'. जाताना त्यांनी दारातून याच नावाने हाक मारली तर पोराने चक्क वळून पाहिलं. (मॅडम म्हणतात, या वयात बाळ आवाजाला वळतं, नावाला नाही. म्हणोत.) पुढच्या तपासणीपर्यंत नाव बदलता येईल. तोवर पोरगं तुझ्या नावावर आहे.