लेकीच्या पुस्तकातलं एक पान

धाकटीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. जेवते, झोपते. लेक जाऊन महिना झाला तरी डोळ्यांत पाणी नाही, काळजाचा दगड झालाय नुसता. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरला दाखवलास की घरात बसून कण्हतेस?

जावयाने मला कामाला लावलंय. घरच्या कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे, यावर लेकीने लिहिलेलं पुस्तक आता छापायला जायचंय. त्याआधी छापणारे काहीच न येणाऱ्या माणसाला मशीनसमोर बसवतात. पुस्तकात असेल तेवढंच त्याने करायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. जिथे तो अडेल, ते पान दुसऱ्याकडून नव्याने लिहून घेतात. माझ्याइतकी अडाणी बाई त्यांना फुकटात कुठे मिळणार?

अक्षर अक्षर लावत निम्म्यावर पोचले. मशीनने माझं नावसुद्धा लिहून दाखवलं. मग एका पानावर अडले. "आता चालवा" असं लिहिलंय, पण कुठलं बटण दाबून, त्याचा पत्ता नाही. बसले पडद्याकडे बघत.

जावई हळूच म्हणाला, "आई, समजलं म्हणा ना. तिचं लिहिलेलं दुसऱ्या कुणी बदलायला नको."

"जावईबापू, मला नाही समजलं. विकत घेणाऱ्याला काय डोंबल समजणार?"

तो उठून आत गेला, जेवायलाही आला नाही. आता ते पान कुणी परका लिहील. मी हो म्हटलं असतं तर तिचं राहिलं असतं. पण ती असती, तर माझ्या हातातून ओढून घेऊन तिनेच ते आधी खोडलं असतं.

भाऊजींना नमस्कार. इकडे यायची घाई करू नकोस.

तुझी ताई