अकरा बद्द डबे

अप्पा,

आठवडा बाजारात मडकी विकणाऱ्या म्हातारीसमोर आपण दोघं उकिडवे बसलो होतो, तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी आठ-नऊ वर्षांची असेन. आईला मिठासाठी मडकं हवं होतं. तुम्ही एकेक मडकं माझ्या कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवत होतात आणि विचारत होतात, "हे?" मी म्हणाले, खणखणीत. "आणि हे?" ते दिसायला जास्त सुबक होतं, पण आवाज मेलेला. बद्द. म्हातारी हसली, "पोरीला कान हाय हो, मालक." तुम्ही बाजारातून घरी येईपर्यंत माझं बोट सोडलं नाहीत. तुमची भीती वाटली नाही असा मला आठवणारा तो शेवटचा दिवस.

पावस गावाच्या रस्त्याला, बागेच्या कडेला तुम्ही कारखाना घातलात, तेव्हा तो म्हणजे चिऱ्याच्या चार भिंती आणि वर पत्रा. मे महिन्यात आत नुसती भट्टी. दाराशी पिकलेल्या हापूसच्या करंड्या, मधल्या लांब टेबलाशी साली काढणाऱ्या आणि बाठे वेगळे करणाऱ्या बायका, आणि पलीकडच्या टोकाला मिस्त्रीकाका, रसाने भरलेल्या डब्यांवर मशीनने झाकणं बसवणारे. डबे उकळून, हौदात गार करून, पुसून गोदामात रचले की दुसऱ्या दिवशी ते एकेक वाजवून बघायचे. त्यासाठी वीतभर लाकडी काठी होती, टोकाला लिंबाएवढा गोळा. झाकण नीट बसलं असेल तर डबा टणकन बोलतो. केसाएवढी फट राहून आत हवा गेली असेल तर बद्द वाजतो, आणि पुढे फुगतो, नासतो. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. कॉलेज संपवून मी घरी आले होते. त्या उन्हाळ्यात तुम्ही ती काठी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझ्या कानावर माझा भरवसा आहे." वाढदिवसाचे फ्रॉक आई आणायची. तुमच्या हातून मला मिळालेली भेट ही एवढी एकच.

कॉन्व्हेंटात आम्हाला पियानो वाजवायला आणि प्लीज, थँक्यू म्हणायला शिकवलं होतं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हेही. टेबलावरच्या बायका माझी टर उडवायच्या. "आमची बाय आंब्यालापन थँक्यू बोलते!" असं मुकादमीण म्हणायची आणि सगळं टेबल हसायचं. पण तुमच्या चपलेचा आवाज पायरीवर आला की ते हसणं असं बंद व्हायचं, जणू कुणी नळ फिरवला. तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाहीत, शिवी दिली नाहीत. नुसतं मान वर करून "काय?" एवढंच विचारायचात. त्या एका शब्दाने माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. अजून फुटतो.

आणि तरी लोक तुमच्याकडे शिकायला यायचे. देवगडकडचे बागायतदार, मुंबईहून आलेले व्यापारी, नवा धंदा काढू बघणारी तरुण माणसं ओटीवर बसून विचारायची, कारखाना चालवायचा कसा? तुम्ही सांगायचात. मजुरांचं ताट वाढल्याशिवाय मालकाने जेवायला बसायचं नाही. सकाळी कारखान्यात पहिला धुतलेला हात मालकाचा असला पाहिजे. डागी आंबा आपल्या घरात शिजेल, डब्यात जाणार नाही. हे तुम्ही नुसतं बोलत नव्हतात, तसं वागत होतात. मी साक्षीला आहे. शहरातल्या एका मेळाव्यात तुम्हाला भाषणाला बोलावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "धंद्याला डोकं लागतंच, पण त्याआधी कान लागतो," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता तशी बोलावणी मला येतात, अप्पा. हॉटेलच्या गार हॉलमध्ये मी तुमचीच वाक्यं सांगते, लोक वहीत लिहून घेतात. मला जे एक खरोखर माहीत आहे, ते मात्र मी कधीच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी ऊन फार होतं. हौदातून नुकताच निघालेला एक डबा मी तिथेच वाजवला, तो मला बद्द वाटला आणि मी घाबरून हात वर करून सगळं काम थांबवलं. टेबलावर सोललेला आंबा पडलेला, कढईत रस उकळत असलेला. तुम्ही आलात. डबा माझ्या हातून घेतलात, उलटा केलात, वाजवलात. टण्. तो नुसता अजून गरम होता, गरम डबा वेगळा बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. सगळ्यांदेखत एवढंच म्हणालात, "पियानो शिकून डबे कळत नसतात. आज जो आंबा वाया जाईल, तो तुझ्या कानाने वाया गेला असं समज." बायका खाली मान घालून आंबे सोलू लागल्या. मिस्त्रीकाका मशीन पुसत राहिले. संध्याकाळी हौदाशी पाय धुताना मुकादमीण माझ्या शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "रडू नको गो बाय. मालकाम्होरं आपला कान बहिरा बरा." ती प्रेमाने म्हणाली होती. त्या कारखान्यात मला मिळालेला पहिला धडा तो, आणि तो मी फार चांगला शिकले.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी गोदामात आहे. सकाळचे नऊ वाजले असतील. बाहेर ट्रक लागलाय, हमाल विड्या ओढताहेत. मी एक रांग वाजवत चालले आहे, टण्, टण्, टण्, आणि मग बद्द. पुढचा, बद्द. मी हात लावून बघते, डबे गार आहेत. पुन्हा वाजवते. मोजते, अकरा. मी त्यातला एक उचलून पदराखाली धरते, जणू चोरून आणलाय, आणि अंगण ओलांडून ओटीपाशी येते. तुम्ही मुंबईच्या व्यापाऱ्याशी बोलताय, हसताय. तुम्ही मान वर करता. "काय?" डबा माझ्या पोटाला गार लागतोय. मला एवढंच म्हणायचं आहे, अप्पा, हे ऐका. आणि माझ्या तोंडून येतं, "काही नाही. चहा आणू का?"

मी चहा केला. आलं घालून. तो डबा परत जागेवर ठेवला. दुपारपर्यंत ट्रक गेला.

श्रावणात ट्रंककॉल आला. लांबच्या एका गावी बारशाच्या पंगतीत आमरस वाढला होता, वेलचीत आणि दुधात वास लपला, आणि पाच-सहा माणसं आजारी पडली. मोठी माणसं दोन दिवसांत उठली. चार वर्षांची एक मुलगी मात्र दवाखान्यात पडून होती. तुम्ही नेसत्या कपड्यांनिशी गेलात. आठ दिवस तिथल्या बाकावर बसून होतात. तिच्या आईने तुमच्याकडे एकदाही पाहिलं नाही, हे तुम्ही आईला सांगितलंत, मी दाराआड होते. ते आठ दिवस मी देवासमोर बसले, चर्चमध्येही जाऊन बसले, आणि दोन्हीकडे एकच मागितलं. मुलगी वाचली. पण मी मागताना आधी काय मागायचे, अप्पा, तेही सांगून टाकते. ती वाचू दे, याच्या आधी मी म्हणायचे, अप्पांना कळू नये.

तुम्ही परत आलात, बाजारात गेलेला त्या हंगामाचा जेवढा माल मिळाला तेवढा परत मागवलात आणि कातळावर खड्डा खणून पुरलात. मग सगळ्यांना उभं करून विचारलंत. मी पहिल्या रांगेत होते. कुणी काही बोलेना. शेवटी मिस्त्रीकाका पुढे झाले. "मशीन माजा व्हता, मालक. चाक झिजलं आसंल. चूक माजी." तुम्ही म्हणालात, "उद्यापासून येऊ नका." ते तुमच्या पाया पडले आणि चालत गेले. पान्या-हातोड्यांची त्यांची पेटी फळीवरच राहिली, ती न्यायलाही ते आले नाहीत. झाकण दाबणारं ते चाक झिजलंच असेल. पण झिजलेल्या चाकासाठीच तर काठी होती, आणि काठी माझ्या हातात होती.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला पेज भरवायची. एका सकाळी चमचा अडवून तुम्ही म्हणालात, "मला एक कळलं नाही गं. एवढी माणसं होती, एवढे कान होते. एकालाही ऐकू कसं आलं नाही?" तुमचा आवाज तेव्हा इतका लहान झाला होता की त्याला कुणीही भ्यायलं नसतं. मी भ्याले. तुमचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पेज गार होतेय, अप्पा."

आज हे लिहायचं कारण कालचा दिवस. कारखाना आता मोठा आहे, यंत्रं नवी आहेत, पण डबे वाजवायची तुमची चाल मी मोडलेली नाही. ते काम एक बाई करते, चाळिशीची, आतल्या गावातली, नवरा मुंबईला. काल ट्रक भरायला लागला होता. ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, हात पदराखाली. मी कागदातून मान वर केली आणि म्हणाले, "काय?" ती म्हणाली, "काय नाय ताई. चाय सांगू काय?"

ती वळून चालायला लागली होती. मी तिला हाक मारली तर ती जागच्या जागी थिजली, मला बघून. मला! मी तिच्यामागे गोदामात गेले, म्हटलं, वाजवून दाखव. "तसा काय नाय ताई, उगाच वाटला माला." मी काठी घेतली आणि रांग वाजवली, आणि तिथे मला जी भीती वाटली, तशी तुमचीही कधी वाटली नव्हती. मला फरक कळेना. दोन-तीन वर्षं झाली, अप्पा, बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. इतकी वर्षं यंत्रांच्या घरघरीत गेली. मी कुणाला सांगितलेलं नाही. रांगेतून फिरताना मी मान हलवते आणि सगळ्यांना वाटतं, ताईंचा कान म्हणजे कान.

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. बायका दारात जमल्या होत्या. आता या बाईने मौन धरलं तर तो माल जाणार, कुठल्यातरी बारशाला पोचणार. मी काठी तिच्या हातात परत दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं. खरंच नाही येत. तुला येतं तेच खरं. तू सांग." मग मी तेही सांगितलं, वीस-एकवीस वर्षांची असताना पदराखाली डबा घेऊन मी चहा विचारला होता ते. मग ती रांगेशी गेली आणि म्हणाली, "ह्यो. ह्यो. आनि ह्यो पन. ताई, ही आक्की रांगच." ट्रक रिकामा केला. मागून कुणीतरी म्हणालं, "जल्लं मेलं, आता येवडा चाय कोन पिनार?" आणि सगळ्या हसल्या. मी पायरीवर होते, आणि हसणं थांबलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, अप्पा. ऐकू आलं होतं.

तुमच्या वस्तू मी इतकी वर्षं वाटल्या नाहीत, जिथे होत्या तिथेच पुसून ठेवल्या. आता वाटते आहे. काठी त्या बाईची, आणि ती सोडून गेली तर तिच्यानंतर तिने ठरवलेल्या बाईची, माझ्या मुलाची नव्हे. तुमची हाताची खुर्ची ओटीवरून काढून गोदामात ठेवायची. वाईट बातमी घेऊन येईल त्याने तिच्यावर बसायचं, ऐकणाऱ्याने उभं राहायचं. पेपरात आलेलं त्या भाषणाचं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कात्रण मुलाला, पण त्याच्या मागच्या बाजूला मी कालचा दिवस लिहून ठेवला आहे, तो वाचून मग पुढची बाजू वाचायची. मिठाचं मडकं माझ्याकडेच राहू दे. रोज वाजवून बघते, आणि खणखणीत आहे असं धरून चालते.

पान्यांची पेटी मिस्त्रीकाकांना. ते पंच्याऐंशीच्या घरात आहेत, अंगणात बसतात, माणसं ओळखतात, असं कळलं. पेटी कुणाच्या हाती पाठवायची नाही, मीच न्यायची आहे. सकाळीच गाडीत ठेवली. दोनदा किल्ली हातात घेतली, आणि दोन्ही वेळा, आधी अप्पांचं पत्र पुरं करू, असं म्हणून परत येऊन बसले. आता लिहायचं काही राहिलेलं नाही.