दारातला देव माडीवर

प्रिय आई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून रोज सीमा ओलांडून इथे भाजी विकायला येणाऱ्या, तुमच्या गल्लीतल्या हिंगमावशीच्या हाती ही चिठ्ठी देतेय. उद्या इकडे मकाऊला माझ्याकडे यायला निघू नकोस. वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की बस थांबतात, सीमेवर अडकशील. मी ठीक आहे. बंदरावरची भरतीमापक यंत्रं आज मीच तपासली. पाणी चढणार आहे.

घरमालकीण फोंगआजी दरवेळी चिडवते, "पोरी, तुझ्या यंत्राला पूर दिसतो, माझ्या चपला तर कोरड्याच!" आज ती हसली नाही. दाराशी जमिनीवर बसवलेला भूमिदेव तिने उचलून माडीवर नेला. मागच्या इशाऱ्याच्या वेळी मी त्याला वर न्यायला सांगितलं, तर म्हणाली होती, "तो हलला तर दार कोण राखेल?"

दाराला फळ्या लावायला मी खाली जातेय. बाबांचा खोकला कसा आहे? घरीच राहा.

तुझी,
सिउ-लान